आढळता कामा नये

त्या आठवड्यात अन्न तपासणी केंद्रावर सुक्या फळांचे एकोणतीस नमुने आले आणि एकोणतीसच्या एकोणतीस नापास झाले, तेव्हा अर्पणा झुरंगेनं तिसावी बाटली रिकामी लावली. रिकामी म्हणजे तिच्यात अंजीर नव्हतं, जर्दाळू नव्हता, काहीच नव्हतं; नुसतं शुद्ध पाणी आणि मिथेनॉल. यंत्रानं तिचीही अकरा मिनिटं इमानेइतबारे तपासणी केली आणि पडद्यावर लाल चौकोन उमटवला. नापास. बालकांच्या आहारास अयोग्य.

“घ्या!” अर्पणा यंत्राला म्हणाली. “आता पाण्यालाही बुरशी लागली.”

बावीस वर्षं ती हेच काम करत आली होती. अंजीर, मनुका, जर्दाळू वाळताना आत ओल राहिली की त्यांना हिरवट पिवळी बुरशी धरते, आणि ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. फळ पुसा, धुवा, पुन्हा उन्हात घाला, बुरशी जाते पण विष राहतं. खाल्ल्या खाल्ल्या माणूस पडत नाही. यकृत मात्र आतल्या आत झिजत जातं, आणि लहान मुलांचं जास्त लवकर.

हे विष शोधायची रीत अर्पणाच्या हातात भिनलेली होती. आधी दहा किलो फळ पाण्याबरोबर दळून त्याचा पातळ लगदा करायचा. दहाच किलो का, असं नवीन आलेली मुलं विचारत. कारण विष सगळ्या फळांत सारखं पसरलेलं नसतं. हजार अंजिरांतली नऊशे नव्व्याण्णव निर्मळ असतात आणि एकातच सगळं साठलेलं असतं. मग त्यातला थोडा लगदा मिथेनॉलमध्ये घुसळायचा, की विष फळ सोडून द्रावणात उतरतं. ते द्रावण गाळून बोटाएवढ्या नळीतून थेंबथेंब सोडायचं. नळीत प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती एवढं एकच विष धरून ठेवतात, बाकी साखर, रंग, आंबटपणा सगळं वाहून जातं. शेवटी धरलेलं विष सोडवून घ्यायचं, त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकायचा आणि ते किती निळं चमकतं ते मोजायचं. पुरे चार तास लागत. एक अब्ज भागांत एक दशांश भाग विष असलं तरी जुनं यंत्र ते दाखवायचं. त्याच्या खाली त्याला काही दिसत नसे, आणि त्याच्या खाली काही बघण्याची कुणाला गरजही वाटली नव्हती.

मग रेणुगणक आला. त्याच्या काचेच्या पट्टीवर लाखो सूक्ष्म खळगे असतात. एका खळग्यात विषाचा एक रेणू बसला की तो खळगा उजळतो आणि कॅमेरा उजळलेले खळगे मोजतो. जुनं यंत्र भिंतीपलीकडचा गोंगाट ऐकून आत माणसं किती असतील याचा अंदाज करायचं. हे दारात उभं राहून एकेक डोकं मोजत होतं. अर्पणाला यंत्राचं कौतुक होतं. तिचा राग यंत्रावर नव्हताच. तिचा राग नियमावर होता.

नियम एका ओळीचा होता. मुलांच्या खाऊमध्ये हे विष आढळता कामा नये. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर जुनं यंत्र होतं. आता यंत्राची नजर हजारो पटींनी तीक्ष्ण झाली आणि नियम होता तिथंच राहिला. वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीबरोबर, कपड्याबरोबर, श्वासाबरोबर चार रेणू कुठूनही येतात. ते आता ‘आढळू’ लागले.

रिकाम्या बाटलीचा दाखला घेऊन ती टिपरे साहेबांकडे गेली. टिपरे तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, केंद्राचे प्रमुख, कधीही आवाज न चढवणारे.

“रिकामी बाटली हा नमुना होत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “प्रणालीत तिची नोंद कशी काय झाली?”

“ते राहू द्या. पाणी नापास झालंय, साहेब.”

“मी वर कळवतो.”

“बरं, निदान दाखल्यावर आकडा तरी छापू द्या. किती सापडलं ते लोकांना कळू दे. नुसता लाल चौकोन बघून कुणाला काय समजणार?”

“आकड्यांनी लोक गोंधळतात, मॅडम. लाल-हिरवं सगळ्यांना कळतं.”

“हिरवं कुठं पाहिलंत तुम्ही?”

“उत्पादकांनी दर्जा सुधारला की दिसेल,” टिपरे म्हणाले आणि मग अगदी मऊपणे त्यांनी आठवण करून दिली, की मूळ आकडे गोपनीय आहेत आणि तसं लिहून त्याखाली अर्पणाची सही आहे.

रविवारी सकाळी छबूताई आल्या.

छबूताई म्हणजे अर्पणाच्या नवऱ्याची, सुहासची, थोरली बहीण. घाटाच्या वर वाघदऱ्याला दिलेली. तिथं अंजिराच्या बागा. ताजं अंजीर दोन दिवसांत मऊ पडतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्या अकरा बायका जमवून उन्हावर चालणारे वाळवणीचे बोगदे उभे केले. प्लास्टिकचं छत, खाली जाळीचे ट्रे, एका टोकाला दमट हवा बाहेर ओढणारा पंखा. त्या सुक्या अंजिरांच्या पट्ट्या तालुक्यातल्या बेचाळीस शाळांत मधल्या सुट्टीचा खाऊ म्हणून जात. गेल्या बुधवारपर्यंत जात होत्या.

छबूताईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून टीपॉयवर आपटला. “हे तुझ्याच केंद्राचं ना?”

नमुन्यांवर नाव-गाव नसतं, फक्त क्रमांक असतो. कागदावर सतरा क्रमांक बघितला तेव्हा अर्पणाला कळलं, की सतरावा नमुना नणंदेचा होता.

“ताई, आधी चहा तरी घ्या.”

“चहात काय न्हाई निघालं व्हय तुझ्या यंत्राला?”

सुहासला हसू आलं. बहिणीचा चेहरा पाहून ते त्यानं गिळलं.

“किती विष निघालं ते सांग,” छबूताई म्हणाल्या.

अर्पणाला आकडा पाठ होता. अब्जात शून्य पूर्णांक, मग तीन शून्यं आणि मग चार. जुन्या यंत्रानं ते विष बघितलंसुद्धा नसतं. “ते सांगता येत नाही, ताई. सही केलीय मी.”

“म्हंजे तुला ठाव हाय.”

“आहे.”

“आन् सांगत न्हाईस.”

“घाबरण्यासारखं काही नाही, एवढं सांगते.”

“मंग नापास का केलं?”

याचं उत्तर वीस मिनिटांचं होतं. अर्पणानं ते दिलं. रेणू सांगितले, खळगे सांगितले, नियमाची ओळ सांगितली, धूळ सांगितली. छबूताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे आमची अंजिरं हायती तशीच हायती. बदललंय ते तुझं यंत्र.”

“हो.”

“मंग त्या यंत्राला करा की नापास!”

“ताई, मी तेच तर आठवडाभर सगळ्यांना सांगतेय!” अर्पणाचा आवाज नको तेवढा चढला. “माझं कोणी ऐकत नाही त्याला मी काय करू?”

“तुझं न्हाई ऐकत, आन् आमचं तू न्हाई ऐकत,” छबूताई उठल्या. “बेचाळीस शाळांत आता बिस्किटं चाललीत. मैद्याची.”

तेही खरं होतं. बिस्किटात फळच नव्हतं, त्यामुळे सुक्या फळांचा नियम त्याला लागू होत नव्हता. अर्पणानं कुतूहल म्हणून एक पुडा घरून नेऊन यंत्राला लावला होता. त्यात छबूताईंच्या अंजिरापेक्षा चौपट रेणू निघाले. ते तिनं टिपऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, मी वर कळवतो.

पुढच्या दोन महिन्यांत गंमतच झाली, फक्त अर्पणाला तिचं हसू येत नव्हतं. सुक्या फळांच्या प्रत्येक पाकिटावर दाखल्याचा चौकोन छापणं सक्तीचं होतं, आणि सगळ्यांचेच चौकोन लाल. सुरुवातीला लोक घाबरले. दुकानांतून मनुका, खजूर, अंजीर उचलून आत ठेवले गेले. शेजारच्या बाई रुमालात खजूर बांधून आणायच्या, “अगं, एवढे चारच बघून दे ना.” अर्पणा म्हणायची, चार खजूर बघून काही कळत नाही, आणि कळलं तर लालच येईल. बाई दुखावून जायच्या.

मग हळूहळू लोकांचं भय उतरलं. इतकं सगळं लाल आहे आणि कुणाला काही होत नाही, तर लाल म्हणजे काहीच नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं ते चूकही नव्हतं. एका व्यापाऱ्यानं तर लाल चौकोन पाकिटाच्या मधोमध मोठा छापला, दिसायला छान दिसत होता. सासवडच्या बाजारात अर्पणानं एका गिऱ्हाइकाला विचारताना ऐकलं, “लाल आहे ना? मग अस्सल आहे.” ती तिथंच थांबली, मग पिशवी उचलून पुढे निघाली. कुठून सुरुवात करणार?

केंद्रातही कुणी मूळ आकडे उघडून बघेनासं झालं. नमुना लावा, लाल घ्या, पुढचा लावा. अर्पणा मात्र हट्टानं प्रत्येक आकडा बघायची आणि स्वतःच्या वहीत उतरवून ठेवायची. याचा उपयोग काय, हे तिलाही सांगता आलं नसतं. वरच्या कार्यालयाला तिनं तीन पत्रं लिहिली. तिन्हींना पोच आली.

चैत्रात, ऐन हंगामात, आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं चार दिवस दमट, कोंदट मळभ. त्यानंतर आठवड्यानं सहाशे अकरा क्रमांकाचा नमुना आला. अंजीर.

यंत्रानं अकरा मिनिटांनी लाल चौकोन दिला आणि दाखला आपोआप पुढे गेला. अर्पणानं सवयीनं खळग्यांचं चित्र उघडलं. एरवी बहुतेक वेळा काळ्या पट्टीवर इथं एक, तिथं दोन ठिपके दिसत. आज सगळी पट्टी पांढरीफटक. एकही खळगा रिकामा नव्हता.

पट्टीच खराब असणार, तिनं नवी लावली. पांढरी. द्रावण दहापट पातळ केलं. पांढरी. शंभरपट. हजारपट. तरी पांढरी. मग तिनं खोलीच्या कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावरचं आवरण काढलं, बाह्या सरसावल्या आणि सगळं पहिल्यापासून हातानं केलं. लगदा, मिथेनॉल, गाळणं, नळीतून थेंब थेंब. सकाळी आठला लावलेलं काम दुपारी बाराला संपलं. आकडा आला चारशे बारा. मोठ्या माणसांच्या अंजिराला दहाची मर्यादा होती. बावीस वर्षांत तिनं दोनशेच्या वरचा आकडा दोनदा पाहिला होता. आणि ही दहा किलोंची सरासरी होती. त्यातल्या एखाद्या अंजिरात वीस-तीस हजारही असतील. ते नेमकं एखाद्या पोराच्या हाती लागलं तर?

“साहेब, हा माल थांबवायला हवा. आजच.”

टिपऱ्यांनी पडदा पाहिला. “नापास दाखला गेलाय ना?”

“गेलाय.”

“मग आपलं काम झालंय, मॅडम.”

“अहो, रोज जातो तोच दाखला गेलाय! रिकाम्या बाटलीला जो गेला तोच! हे वेगळं आहे. हे खरं आहे!”

“प्रणालीत नापासच्या खाली दुसरा वर्ग नाही.”

“मग मला पत्ता द्या. मी स्वतः जाते.”

“पत्ता मलाही दिसत नाही. मुख्यालयाकडे अर्ज केला तर सात कामाचे दिवस लागतात.” टिपरे खरंच अवघडले होते. “मी आत्ताच कळवतो. तातडीचं म्हणून कळवतो.”

अर्पणा परत प्रयोगशाळेत आली. ट्रेमध्ये नमुन्यातली उरलेली अंजिरं पडली होती. तिनं एक उचललं, आणि ते हातातच राहिलं. अंजिराचं देठ आत मुडपून वर अंगठ्यानं दाबलेलं होतं. ही मुडप तिच्या सासूबाईंची. त्यांनी ती लेकीला शिकवली होती आणि लेकीनं वाघदऱ्याच्या बायकांना. दुसरीकडे सगळे देठ कापून टाकतात.

छबूताई दोन महिने तिचा फोन उचलत नव्हत्या. तिनं सुहासला लावला. “ताईंना सांग, या आठवड्याचा माल कुठंही पाठवू नका. एकही पाकीट नाही. मी येतेय.”

पाच मिनिटांनी सुहासचा उलटा फोन. “ती म्हणते, लालच ना? लाल कधी नव्हतं?”

अर्पणानं फोन बंद केला, भांडारातून हातात धरायचा जुना अतिनील दिवा उचलला, तिथल्या नोंदवहीत न लिहिताच पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

दुपारी दोनला ती वाघदऱ्यात पोचली तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये छबूताई आणि पाच बायका अंजिरं पाकिटांत भरत होत्या. मागे ट्रे रचलेले, तीन क्विंटल तरी माल असेल.

“कुणाला चाललाय हा?”

“उद्या शाळेचं गॅदरिंग हाय. एकशेऐंशी पोरं,” छबूताई मान वर न करता म्हणाल्या. “बिस्किटं खाऊन पोरं इटून गेली. बाई सोता आल्या व्हत्या. म्हणल्या, ताई, लाल असू दे, पण तुमचीच द्या.”

“ताई, हात थांबवा. यात विष आहे.”

हिराबाई नावाची म्हातारी बाई खुदकन हसली. “ते तर समद्यातच असतंय म्हन्तात.”

“तसं नाही हो! हे खरोखरचं आहे!”

“आन् आधीचं?” छबूताईंनी आता मान वर केली. “ते खोटं व्हतं?”

अर्पणानं डोळे मिटून घेतले. सही गेली खड्ड्यात. “चारशे बारा,” ती म्हणाली. “तुमच्या या मालात अब्जात चारशे बारा भाग आहे. दहाच्या वर गेलं की मी सुद्धा तोंडात घालणार नाही.”

“आन् आमच्या आधीच्या मालात किती व्हतं?”

“शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य चार.”

“म्हंजे काहीच न्हाई.”

“काहीच नाही.”

छबूताई जागच्या उठल्या. हाताला लागलेला चिकटा त्यांनी पदराला पुसला. “मंग ते तवा का न्हाई सांगितलंस?”

अर्पणाला खूप काही सांगता आलं असतं. सही, गोपनीयता, टिपरे, तीन पत्रं, तीन पोचा. तिला एकदम या सगळ्याचा वीट आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तेव्हाच सांगायला हवं होतं.”

छबूताईंना या उत्तराची अपेक्षा नसावी. पण त्यांच्या तोंडावर विश्वास काही आला नाही. चारशे म्हणजे काय आणि शून्य म्हणजे काय, दोन्ही आकडे एकाच तोंडातून आलेले.

“एक गोधडी द्या,” अर्पणा म्हणाली.

“काय?”

“गोधडी, घोंगडी, काहीही. जाडसर. अंधार पाहिजे.”

टेबलावर अंजिराचा ट्रे ठेवला, त्यावर दोन घोंगड्या टाकल्या आणि भर दुपारी अर्पणा आणि छबूताई डोकी आत घालून वाकल्या. अर्पणानं दिवा लावला. जांभळट उजेडात अंजिरं काळपट दिसत होती, निस्तेज. आणि त्यांच्यामध्ये चार, नाही, पाच अंजिरं काजव्याच्या रंगानं हिरवीपिवळी पेटलेली.

“अगं आई,” छबूताई म्हणाल्या.

“हे चमकतंय ते विष नव्हे,” अर्पणा हळू आवाजात सांगू लागली. “ती बुरशी विषाबरोबर आणखी एक पदार्थ सोडते, तो चमकतो. पण हा असला, की तिथं बुरशी होती म्हणून समजायचं.”

एकेक करून पाचही बायका घोंगडीखाली जाऊन आल्या. हिराबाई बाहेर आली ती हसत नव्हती. पुढचा ट्रे लावला. त्यात तीन. त्याच्या पुढच्यात एकही नाही. मग एकात अकरा.

“जी चमकत्यात ती काढू,” छबूताई भराभरा म्हणाल्या. “बाकीची ऱ्हाऊ द्या.”

“नाही. सगळा माल जायचा.”

“समदा? अगं तीन क्विंटल हाय! बायकांनी हातानं...”

“दिव्याला सगळं दिसत नाही, ताई. आतलं दिसत नाही.”

“तुझ्या एका यंत्राला नको तितकं दिसतंय आन् दुसऱ्याला दिसतच न्हाई!” छबूताई कडाडल्या. “धड असं काय हाय का तुमच्याकडं?”

“नाही!” अर्पणाही तेवढ्याच जोरानं ओरडली. “धड असं काही नाही! असतं तर मी घोंगडीत डोकं घालून बसले असते का?”

तिनं ट्रेमधलं एक न चमकणारं अंजीर उचललं आणि अंगठ्यांनी दुभंगलं. ते स्वच्छ होतं. दुसरं, तेही स्वच्छ. छबूताई हाताची घडी घालून बघत होत्या. सातवं अंजीर उघडलं तेव्हा मधे बियांच्या जागी राखाडी हिरवी भुकटी होती. ती वाऱ्यानं किंचित हलली.

छबूताई खाली पोत्यावर बसल्या.

“तिसऱ्या बोगद्याचा पंखा बंद व्हता,” त्या म्हणाल्या. “मळभ आलं तवा. चार दिस.”

“दुरुस्त नाही केला?”

“एरवी सकाळच्या सकाळी मिस्त्री आणला असता. रातभर ट्रे हालवत बसलो असतो समद्या.” त्यांनी अर्पणाकडे पाहिलं नाही. “म्हणलं, कशाला? किती बी जपलं तरी लालच येनार.”

तिच्या यंत्रानं कधी कुणाला विष दिलं नव्हतं. पण जपून काम करणाऱ्या अकरा बायकांना जपण्यात अर्थ नाही, हे त्यानंच शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत बागेच्या कडेला कंबरभर खड्डा झाला. माल त्यात ओतला, वर चुना टाकला, माती लोटली. छबूताईंनी शाळेत निरोप पाठवला, उद्या खाऊ नाही. का, ते सांगितलं नाही. अर्पणाला त्यांनी चहाही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्पणानं वही काढली. हंगामातले सहाशे अकरा आकडे तिच्याकडे होते, पण पत्ते नव्हते. तेव्हा तिनं सगळे आकडे नमुना-क्रमांकासह एका तक्त्यात मांडले, खाली चार सोप्या ओळींत लिहिलं, की किती म्हणजे नगण्य, किती म्हणजे सावध राहा, किती म्हणजे पुरून टाका आणि वाळवताना ओल कितीच्या खाली न्यायची, आणि आपल्या नावानिशी तो तक्ता उघड केला. ज्याला आपला क्रमांक ठाऊक, त्यानं आपला आकडा बघावा. चार दिवसांत तो हजारो फोनांवर फिरला. सहाशेवर नमुन्यांच्या मालकांना कळलं, की त्यांचा माल उत्तम होता. छबूताईंशिवाय आणखी सात जणांना कळलं, की त्यांचा माल सावध राहण्याच्या वर्गातला होता. त्या सातांतले चार जण तिला शिव्या द्यायला केंद्रावर आले. तीन जण माल परत आणायला धावले.

टिपऱ्यांनी तिला नोटीस स्वतः आणून दिली. “मॅडम, माझ्या हातात काही नाही.”

“मला माहीत आहे, साहेब. तुम्ही वर कळवा.”

चौकशी तीन महिने चालली. तिच्या आकड्यांत चूक आहे असं कुणी म्हणालं नाही. चूक ती उघड केल्याची होती. शेवटी तिला सक्त ताकीद मिळाली आणि तिची बदली पाणी तपासणी विभागात झाली, तिथंही रेणुगणक येऊ घातला होता. पावसाळ्यानंतर नवं परिपत्रक निघालं. दाखल्यावर चौकोनाच्या खाली आकडा छापावा आणि मुलांच्या खाऊसाठीही एक ठरीव मर्यादा असावी, असं त्यात होतं. मर्यादा कुणी सुचवली, ते त्यात नव्हतं.

छबूताई दिवाळीला आल्या नाहीत. भाऊबीजेला सुहास एकटाच वाघदऱ्याला जाऊन आला. अर्पणाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतं याचा रागही आला. एकशेऐंशी पोरांच्या तोंडातून तो खाऊ काढला, त्याचं काय? पण तीन क्विंटल माल मातीत घालताना बायकांचे चेहरे तिनं पाहिले होते. त्या अकरांतल्या चौघींनी नंतर गट सोडला होता.

माघात एका सकाळी सुहासच्या फोनवर निरोप आला. नवा माल उतरलाय, तिला म्हणावं, येऊन बघून जा. फोन करून तिला स्वतःला सांगावं, एवढं काही छबूताईंना जमलं नव्हतं.

दोघं गेली. शेडमध्ये सात बायका होत्या. छबूताईंनी “आलीस का,” एवढंच म्हटलं आणि अर्पणाला थेट तिसऱ्या बोगद्यापाशी नेलं. त्यांनी ओलावा मोजायचं एक सुईचं उपकरण आणलं होतं. अंजिरात सुई खुपसायची, आत किती ओल उरली ते छोट्या पडद्यावर दिसतं. वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ट्रे बाहेर काढायचा नाही, हे अर्पणाच्या तक्त्याच्या तळाशी लिहिलेलं होतं. छबूताईंनी त्यातून दोन वजा करून अठरा ठरवलं होतं.

“बघ,” त्यांनी सुई खुपसली. “अठरा.”

अर्पणा वाकली. “साडेअठरा.”

“कुठाय साडे? अठराच हाय.”

“अहो ताई, बारीक आकडा बघा ना शेजारचा. पाच आहे तो.”

“तू सुई तिरकी धरलीस.”

“धरली आहे कुणी? तुम्हीच धरलीय!”

सुहास मागे उभा होता. “अर्ध्यानं काय बिघडतंय?” तो म्हणाला. “चहा टाका बघू कुणीतरी.”

दोघींनी एकदम वळून त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरकला.

छबूताईंनी सुई काढली, पुसली, दुसऱ्या अंजिरात खुपसली. मग तिसऱ्या. ओठ आवळून त्यांनी पडदा बघितला, ट्रे उचलला आणि परत बोगद्यात सरकवला.

“उद्या सकाळी ये,” त्या म्हणाल्या.

“उद्या मला ऑफिस आहे, ताई.”

“मंग ऑफिसच्या आधी ये.”